दोन गाद्यांमधले अंतर

मे २०२३ मधल्या एका शनिवारी दुपारी कोल्हापुरातल्या आमच्या साड्यांच्या दुकानात माझ्या उजव्या हाताच्या गादीवर लग्नाचा बस्ता चालू होता आणि डाव्या हाताच्या गादीवर चार बायका दुखवट्याच्या साड्या बघत होत्या. बस्त्याला दोन्हीकडची मिळून चौदा माणसे आली होती. नवरीचा शालू ठरायचा होता, मानाच्या साड्या मोजायच्या होत्या, करवलीचे तोंड फुगले होते आणि हेल्पर वरच्या रॅकवरून एकामागून एक गठ्ठे खाली टाकत होता. डावीकडच्या बायकांचे फारसे मागणे नव्हते. "भडक नको, सहाशेच्या आतलं दाखवा," एवढेच त्यांच्यातली थोरली बोलली होती. दोन गाद्यांच्या मध्ये जेमतेम दीड हाताची जागा असते. उजवीकडे वळताना चेहऱ्यावर हसू आणायचे, आवाज वर न्यायचा, "मॅडम, नवरीच्या रंगावर हाच उठतोय" म्हणायचे. डावीकडे वळताना ते हसू पुसायचे, आवाज उतरवायचा आणि पदर न उलगडता नुसती घडी पुढे सरकवायची. पाऊण तास मी हे करत होते. मग एका वळणावर चेहरा बदलायचा राहून गेला. दुखवट्याला आलेल्या एका बाईच्या खांद्यावर मी राखाडी साडीचा पदर टाकला आणि हसून म्हणाले, "बघा मॅडम, किती खुलून दिसतंय तुम्हाला."

ती काही बोलली नाही. तिने पदर खांद्यावरून उतरवला, काठाला काठ लावला, साडीची नीट घडी घातली आणि ती गादीवर ठेवून दिली. आमच्या दुकानात गिऱ्हाईक घडी घालत नाही, ते आमचे काम. तिने आवाज चढवून मालकांना बोलावले असते तर मला सोपे गेले असते. चौघींनी पाच साड्या घेतल्या, बिल केले आणि त्या निघून गेल्या. मी उजवीकडे वळून पुन्हा हसले.

महाद्वार रोडवरच्या या दुकानात मी २०१४ पासून विक्रीच्या कामावर आहे. राहायला फुलेवाडीत आहे. रंकाळा स्टँडपर्यंत केएमटीच्या बसने आणि पुढे चालत येते. नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत आहे. मी कामाला लागले तेव्हा दुकान जुन्या पद्धतीचे होते. जमिनीवर खरीच गादी असायची, तिच्यावर पांढरी चादर, गिऱ्हाईक मांडी घालून बसायचे आणि आम्हीही समोर मांडी घालून बसायचो. "या आक्का, कुठलं गाव?" इथून बोलणे सुरू व्हायचे. २०१८ मध्ये दुकानाचे नूतनीकरण झाले. गादीची उंची कमरेपर्यंत आली, गिऱ्हाइकांना स्टुले मिळाली आणि आम्ही मागे उभे राहिलो. तिला आम्ही अजूनही गादीच म्हणतो, पण तिच्यावर बसणे संपले. सकाळी साडेदहापासून रात्री नऊपर्यंत उभे राहायचे आणि दुकानात गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला दुकान झोपल्यासारखे वाटते, असा नियम झाला.

त्याच वर्षी पुण्याहून एक प्रशिक्षक आले. माणूस सज्जन होता आणि त्याने शिकवलेल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ महाग साडी आधी न दाखवता मधल्या भावाची दाखवून अंदाज घेणे, आजही उपयोगी पडतात. पण त्यांनी आमचे बोलणे बदलले. आक्का, काकी, वैनी हे सगळे जाऊन 'मॅडम' आले. आमच्याकडे बायकाही 'आलो', 'गेलो', 'म्हणालो' असेच बोलतात, हे कोल्हापूरबाहेरच्यांना गमतीचे वाटते. हेल्परला "थांब, आलो" असे मी म्हटले की ते थांबवून "आले म्हणा" असे सांगायचे. स्टाफच्या दरवाजाजवळ आरसा लावला गेला. दुकानात पाऊल टाकण्याआधी त्यात बघून हसायचे आणि मग आत जायचे. हे वाचून कोणाला हसू येईल, आम्हालाही पहिल्या आठवड्यात आले होते, आणि ते हसू त्या आरशात बघून केलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट सुरू झाली ती वॉक-आउट रजिस्टरची. गिऱ्हाईक काही न घेता गेले की त्याची नोंद करायची: वेळ, काय दाखवले, न घेण्याचे कारण आणि शेवटच्या रकान्यात सेल्सचे नाव. 'रंग पसंत नाही', 'बजेट नाही', 'परत येतो म्हणाले' अशी कारणे आम्ही लिहायचो. ऐंशी साड्या उलगडून दाखवल्यावर "दाखवायला काय पैसे पडतात का तुम्हाला?" असे म्हणून उठून गेलेल्या माणसांसाठी रजिस्टरात रकाना नव्हता. सकाळच्या मीटिंगमध्ये ते वाचले जाई आणि नाव आपले असले की आपण कुठे कमी पडलो ते सर्वांसमोर सांगायचे असे.

लोक समजतात की या कामात पाय थकतात. पाय थकतातच, पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा आमच्यातल्या प्रत्येकीच्या आहेत. पण पायांचा थकवा रात्री गरम पाण्यात उतरतो. दुसरा थकवा मला ओळखताच येत नव्हता, कारण त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. त्यात २०२३ साल असे आले की उसंत मिळालीच नाही. एरवी लगीनसराई संपून पाऊस लागला की महिनाभर दुकान सुस्त असते, घड्या नीट करायच्या, डेड स्टॉक बाजूला काढायचा, निवांत गप्पा मारायच्या. त्या वर्षी १८ जुलैपासून अधिक श्रावण लागला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवून कपडे करायचे असतात, त्यामुळे लग्ने थांबली तरी गर्दी थांबली नाही. त्याला लागून निज श्रावण, मंगळागौरी, मग गौरी-गणपती, मग नवरात्र. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले लोक ओटीची साडी घेण्यासाठी आमच्या दारातून आत येतात आणि त्यांना मंदिराची रांग गाठायची असल्याने प्रत्येकाला घाई असते.

जुलैमध्ये कागल तालुक्यात माझे मामा वारले. मी एक दिवसाची सुट्टी काढून गेले. माझ्या आईच्या पाठचा भाऊ, ज्याने मला लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून जत्रेला नेले होते, आणि मला रडू आले नाही. मामीसमोर बसले होते. तिने हात धरला, माझ्याकडे बघितले आणि विचारले, "हसायलीस व्हय गं?" मी हसत नव्हते. निदान मला तसे वाटत नव्हते. दहाव्याला दुखवट्याचा आहेर आला तेव्हा कोणी विचारले नसताना मी साड्यांच्या घड्या सारख्या करून किमतीप्रमाणे त्यांची चळत लावली.

घरी माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. एका रात्री ती शाळेतल्या मैत्रिणीशी झालेले भांडण सांगत होती. मी ऐकून घेतले आणि काहीतरी समजुतीचे बोलले. ती म्हणाली, "आई, दुकानातल्यासारखं बोलू नको." नवऱ्याशी मी बोलतच नव्हते, कारण रात्री साडेनऊनंतर तोंड उघडायचे जिवावर येई. जबडा दुखायचा. झोप तीनला मोडायची. दुकानात गिऱ्हाइकाचा चेहरा दिसेनासा झाला होता. 'ती सहाशेवाली', 'तो नुसता बघ्या' अशी माणसे मनात नोंदवली जायची. गिऱ्हाईक काही न घेता उठले की, खोटे कशाला बोलू, बरे वाटायचे. विचित्र भाग असा की ऑगस्टमध्ये माझा इन्सेंटिव्ह दुकानात सर्वांत जास्त होता. मालकांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला वाटत होते की आपल्याला हे काम येतच नाही.

फुलेवाडीतल्या आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन कमी होते, थायरॉइड ठीक होता. लोहाच्या गोळ्या दीड महिना घेतल्या. हिमोग्लोबिन वाढले, बाकी काही बदलले नाही. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. शेवटी डॉक्टरांनीच सांगितले की सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. नवरा आधी गप्प राहिला आणि मग म्हणाला, "लोकांस्नी काय सांगायचं?" मी म्हटले, दाताला दाखवायला गेले म्हणून सांगा, जबडा दुखतोच आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नवरात्राच्या तोंडावर, सोमवारच्या सुट्टीला मी केसपेपर काढून रांगेत बसले.

माझ्या वाट्याला आलेल्या डॉक्टर बाई वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. आत गेल्या गेल्या मी हसून "नमस्कार मॅडम" म्हणाले. त्यांनी झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, हे सगळे विचारले आणि मग म्हणाल्या, "रडू येण्यासारखं सांगताना तुम्ही हसताय, हे तुमच्या लक्षात येतंय का?" नैराश्याची लक्षणे सौम्य आहेत, औषध लगेच नको, दोन भेटी होऊ देत, असे त्यांनी ठरवले. त्यांच्याकडूनच मला 'बर्नआउट' हा शब्द नीट कळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण आवरता न आल्याने उद्भवणारी, कामाशी निगडित स्थिती असे म्हटले. तिच्या तीन खुणा आहेत: शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तिन्ही ऐकताना मला माझा ऑगस्ट महिना कोणीतरी वाचून दाखवत असल्यासारखे झाले. आजार नाही हे ऐकून नवऱ्याला हायसे वाटले. मला मात्र त्यातली दुसरी बाजू दिसली: आजार नसेल तर त्याचे मूळ माझ्यात शोधून भागणार नव्हते.

पुढच्या भेटीत तिथल्याच समुपदेशक बाईंनी आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचे नाव सांगितले. १९८३ मध्ये त्यांनी 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली; पगारासाठी आपल्या भावना मालकाला हव्या तशा घडवायच्या आणि दाखवायच्या, हेही श्रमच आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी अभ्यास केला तो एकीकडे हवाई सुंदरींचा आणि दुसरीकडे थकबाकी वसूल करणाऱ्यांचा. पहिलीला प्रवाशाला बरे वाटेल असे वागायचे असते, दुसऱ्याला समोरच्याला धाक बसेल असे. हे ऐकून मी त्या खोलीत पहिल्यांदा खरी हसले, कारण माझा धाकटा भाऊ एका फायनान्स कंपनीत गाड्यांच्या हप्त्यांची वसुली करतो. स्वभावाने इतका मऊ की बकऱ्याला हाकलताना "जा की रे" म्हणतो, आणि फोनवर त्याला आवाज घोगरा करून दम द्यावा लागतो. रक्षाबंधनाला आम्ही दोघे जेवायला बसलो होतो तेव्हा दोघांनाही बोलायला सुचत नव्हते. आता त्याचे कारण कळले.

हॉकशिल्ड यांनी अभिनयाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात चेहरा फक्त वरून बदलायचा. दुसऱ्यात आतूनच तसे वाटून घ्यायचे, म्हणजे गिऱ्हाईक आपली बहीणच आहे असे मनाला पटवायचे. समुपदेशक बाईंच्या मते वरवरचा अभिनय माणसाला जास्त थकवतो. माझा अनुभव पूर्ण जुळत नाही. मी सुरुवातीची काही वर्षे दुसऱ्या प्रकाराने काम केले. बहीण समजून साडी निवडून दिली आणि ती बहीण मग दुपारी फोनवर पाचशे रुपये स्वस्त बघून परत करायला आली, तेव्हा जे लागते ते परक्या बाईचे लागत नाही. म्हणून मी पुढे फक्त वरून हसायला शिकले. दोन्ही वाटांनी पैसे मोजावेच लागले.

समुपदेशक बाईंनी मला एक काम दिले. दहा दिवस प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकानंतर दोन ओळी लिहायच्या: काय दाखवले आणि आत काय होते. यातले 'दाखवले' म्हणजे साडी नव्हे, हे त्यांना मला समजावून सांगावे लागले. मी ते जुन्या वॉक-आउट फॉर्मच्या पाठीमागे लिहीत गेले, गोडाऊनमध्ये, बॉक्सवर बसून. माझी खात्री होती की सगळ्यांत जड नोंदी अपमानाच्या निघतील: चुटकी वाजवून बोलावणारे, "तुला काय कळतंय, मालकाला बोलव" म्हणणारे. तशा होत्याच. पण रात्री घरी येऊन वाचले तेव्हा दिसले की अपमान तास-दोन तासांत उतरत होता. चहाच्या वेळी आम्ही एकमेकींना नकला करून दाखवायचो आणि संपायचे. रात्री तीनला जागे करणारी नोंद दुसरीच होती. 'मोरपंखी शोभते म्हटले. शोभत नव्हती.' 'कॉटन सिल्क रंग सोडणार नाही म्हटले. सोडेल असे वाटते.' 'वहिनींना लहान दिसता म्हटले.' दहा दिवसांत अशा एकतीस नोंदी होत्या. मे महिन्यातल्या त्या राखाडी साडीचे वाक्यही याच जातीचे होते. ते चुकीच्या गादीवर पडले म्हणून मला ऐकू आले, एवढाच फरक.

यावर मला आमच्या दुकानातल्या सर्वांत जुन्या सेल्समनची आठवण होते. त्यांना आम्ही काका म्हणतो, सव्वीस वर्षे झाली त्यांना. ते गिऱ्हाइकाला सरळ सांगतात, "ही नेऊ नका, पहिल्या धुण्यातच चोळामोळा होईल," आणि मालक ऐकून न ऐकल्यासारखे करतात. काका रात्री दुकान बंद करताना सकाळइतकेच ताजे असतात. इतकी वर्षे मी तो त्यांचा स्वभाव समजत होते. आता मला वाटते की त्यांना 'नको' म्हणायची मुभा आहे, ती आम्हा बाकीच्यांना नाही. बाकीचे पुरुष सेल्समन मावा खाऊन तोंड बंद ठेवतात आणि त्यातल्या दोघांची रात्र कुठे जाते हे त्यांच्या बायकांना माहीत आहे. पण त्यांना कोणी मानसोपचाराला जा म्हटलेले मी ऐकले नाही.

दिवाळी आटोपल्यावर आम्ही चौघी मालकांकडे गेलो. भांडायला गेलो नव्हतो. समुपदेशक बाईंनी सांगितले होते की २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती आणि आमच्यासारख्या बावीस जणांच्या दुकानाला तो लागू होता. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला, तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला, हेही मी वाचून गेले होते. मालकांनी ऐकून घेतले. त्यांचेही खरे होते: गिऱ्हाईक दुकानात साडी हाताळते आणि फोनवर घेते, भाडे वाढते, दोन महिन्यांचा पगार ते एका सीझनच्या जिवावर देतात. शेवटी प्रत्येक दोन गाद्यांमागे एक स्टूल ठेवायचे ठरले. जेवणाचा अर्धा तास पाळीपाळीने पक्का झाला. दुखवट्याच्या साड्यांसाठी जिन्याजवळचा कोपरा वेगळा काढला आणि तिथे असलेल्या सेल्सने त्या वेळी दुसरे गिऱ्हाईक घ्यायचे नाही, हे मात्र मालकांनी एका शब्दात मान्य केले. त्यांच्या वडिलांना जाऊन तेव्हा वर्ष झाले नव्हते. रजिस्टर राहिले. आरसाही राहिला. पुढच्या नवरात्रात गर्दी झाली तेव्हा स्टुले गिऱ्हाइकांना दिली गेली आणि पौर्णिमेनंतर परत आली.

माझ्यापुरते मी एक ठरवले की न शोभणाऱ्या रंगाला शोभतो म्हणायचे नाही. गप्प बसायचे किंवा दुसरी साडी पुढे करायची. पहिल्या तीन महिन्यांत माझा इन्सेंटिव्ह महिन्याला सुमारे अठराशे रुपयांनी घसरला आणि ते घरात जाणवले. मुलीची शिकवणी एका महिन्याने पुढे गेली. झोप जानेवारीत सुधारली. सीपीआरला एकूण पाच वेळा गेले, औषधाची वेळ आली नाही, पण तशी ती आमच्यातल्या दुसऱ्या एकीवर आली आणि ती आता नोकरी सोडून घरी फॉल-पिको करते. माझ्या केसपेपरवर लिहून मिळालेला १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मी तिला दिला होता. तो विनामूल्य आहे, रात्रीही लागतो आणि समोरचा माणूस मराठीत बोलतो. तिने पहिला फोन दुकानाच्या जिन्यात बसून केला. मी खाली तिची गादी सांभाळली.

मार्चमध्ये एक साठीच्या बाई आल्या. नातवाच्या मुंजीसाठी साडी हवी होती. त्यांनी लिंबू रंगाची साडी खांद्यावर लावली, आरशात बघितले आणि मला विचारले, "खरं सांग बाई, बरी दिसतीय का?" मी म्हणाले, "नाही काकी. तुम्हाला डाळिंबी आणून दाखवते." त्यांनी डाळिंबी बघितली, भाव बघितला, दोन्ही साड्यांवरून एकदा हात फिरवला आणि "सुनेला घेऊन येतो" म्हणून त्या गेल्या. रजिस्टर काढले. वेळ लिहिली, काय दाखवले ते लिहिले आणि कारणाच्या रकान्यात 'मी नको म्हणालो' असे लिहून शेवटी माझे नाव लिहिले. महिनाअखेरीला मॅनेजरांनी त्या नोंदीखाली पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढले. त्या बाई अजून आलेल्या नाहीत.